लिमलेट की चॉकलेट?

आमच्या घरी रविवारचं शब्दकोडं आई सोडवते, तेही पेनाने. पेन्सिल घेणं तिला कमीपणाचं वाटतं. मी शेजारी बसून चहा पिते आणि विचारलं तरच बोलते.

गेल्या महिन्यातलं एक कोडं. आडवा शब्द, चार घरं, सूचना एवढीच : "मुलांच्या आवडीचा खाऊ". उभ्या "लेखणी"मुळे तिसऱ्या घरात ले आला होता, "टपाल"मुळे चौथ्यात ट. पहिल्या दोन घरांना वरून-खालून कोणीच येऊन मिळत नव्हतं. आईने क्षणभरही न थांबता चॉ आणि क भरून टाकले. पुढच्या रविवारी उत्तर छापून आलं : लिमलेट.

आता मला सांगा, यात चूक कोणाची? चॉ-क-ले-ट आणि लि-म-ले-ट, दोन्ही चार अक्षरांचे, दोन्हींचं शेपूट एकच, आणि जी घरं फरक सांगणार तीच मोकाट सोडलेली. (ब्रेसलेटही बसतं. टॉयलेटही बसतं, पण तो खाऊ नाही.) कोडं रचणाऱ्याला दोन वाटा होत्या : पहिल्या दोनपैकी एका घरात उभा शब्द आणायचा, नाहीतर सूचनेत "आंबटगोड" हा एक शब्द घालायचा. त्याने दोन्ही टाळलं. शिवाय "खाऊ" हा पुल्लिंगी शब्द वापरून लिंगाचा सुगावाही पुसून टाकला.

पण माझी खरी तक्रार वेगळी आहे. नुसतं "लिमलेट" कोण म्हणतं हो? आम्ही म्हणायचो "लिमलेटची गोळी". संत्र्याच्या फोडीच्या आकाराची, वर साखरेचे कण लागलेली, बरणीतून मोजून मिळणारी. नावात लिंबू आणि जिभेवर संत्रं, याचं कोणाला कधी नवल वाटलं नाही. लिमलेट हे गोळीच्या आधी लागणारं विशेषण. ते एकटं उभं केलं की लंगडतं.

उलट चॉकलेट. शब्दकोश काढलात तर कोको वगैरे सापडेल. मराठी माणसाच्या तोंडात मात्र कागदात गुंडाळलेली कुठलीही गोड वस्तू म्हणजे चॉकलेट. वाढदिवसाला वर्गात "चॉकलेटं वाटली" म्हणतो, तेव्हा पिशवीत निम्म्या कैरीच्या गोळ्या असतात. किराणावाल्याकडे सुटा रुपया नसला की तो "चॉकलेट देऊ का?" विचारतो आणि हातावर केशरी गोळी ठेवतो. त्यात कोकोचा कणही नसतो. गंमत म्हणजे "चॉकलेटी रंग" म्हटलं की तो तपकिरीच, तिथे कोणाचा घोळ होत नाही. म्हणजे मूळ अर्थ आम्हाला ठाऊक आहे. ठाऊक असून आम्ही शब्द ताणून मोठा केलाय, आणि भाषा असंच करते. तेव्हा आईचं उत्तर बरोबर होतं असं माझं ठाम मत आहे. कोडं सोडवणारा शब्दकोशात राहत नाही.

बरं, रचणाऱ्याला दोन अक्षरांची "गोळी" का सुचू नये? इतका गुणी शब्द नाही. "ळी"वर संपणारे शब्द मराठीत ढिगाने : केळी, होळी, पोळी, जाळी, टाळी. "गो"ने सुरू होणारेही हवे तेवढे. "चॉ"वरून उभा शब्द काढायचा म्हटलं तर बिचारा आपला "चॉक"वरच येऊन थांबणार. आणि सूचनेला केवढा वाव! "तापात घेतात, रागात घालतात, रडल्यावर देतात (२)" ही मी केलेली. पाक गोळीबंद झाला की नाही हे वाटीतल्या पाण्यात थेंब टाकून बघणाऱ्या बायकांसाठी आणखी एक करता येईल.

तशीच रेवडी. "उडवली तर फजिती, वाटली तर मतं (३)". या शब्दाला २०२२पासून राजकारणात जे दिवस आलेत ते बघता रचणाऱ्यांनी त्याचं सोनं करायला हवं होतं. ते अजून "तिळाचा एक पदार्थ" एवढंच लिहितात. आळस, दुसरं काय!

पेपरमिंटचं दुखणं निराळं. ते पाच घरांचं. पण कोणी पेपरमिंट म्हणतं, कोणी पिपरमेंट, आणि गावाकडे सर्रास पिपरमिट. घरं पाचच राहतात, आतली अक्षरं बदलतात. इंग्रजी कोड्यात एका घरात एक लेटर असतं, त्यामुळे स्वर भरपूर असलेले छोटे शब्द त्यांना लागतात. आपल्या घरात काना-मात्रा-वेलांटीसकट अख्खं अक्षर बसतं, जोडाक्षरसुद्धा. म्हणून एक वेलांटी हलली की शेजारचा उभा शब्द कोसळतो. अमेरिकी कोड्यांत हमखास भेटणारं तीन लेटरांचं एक नाव आहे, पेझ (PEZ). व्हिएन्नात १९२७ साली निघालेल्या गोळ्या. जर्मनमध्ये पेपरमिंटला जो शब्द आहे, फेफरमिंझ (Pfefferminz), त्याचं पहिलं, मधलं आणि शेवटचं लेटर उचलून केलेलं नाव. म्हणजे तेही आपलं पिपरमिटच, फक्त जास्त आवळलेलं.

खुद्द "कँडी" शब्दाचं गोत्र तर आपल्याकडचंच. संस्कृत खंड म्हणजे तुकडा, साखरेचा खडा. तो फारसीत कंद झाला, अरबीत कंदी, मग फ्रेंचमधून इंग्रजीत कँडी. गुलकंदातला कंद हा तोच, जमिनीखालचा कंद नव्हे. आणि आपण दुकानात जाऊन ऐटीत "आवळा कँडी" मागतो. घरचाच मुलगा परदेशी जाऊन आला की त्याला पाहुण्यांचं ताट, तसं.

आणि नाशिककर म्हणून एक हट्ट. "रावळगाव" हा शब्द कोड्यात यायलाच हवा. मालेगाव तालुक्यातलं गाव. वालचंद हिराचंदांनी १९३३ साली तिथे साखरेचा उद्योग उभा केला, पुढे त्यातून गोळ्या निघाल्या आणि गावाचं नाव कागदावर चढलं. आमच्या लहानपणी "एक रावळगाव दे" म्हटलं तर कोणी नकाशा काढत नसे. पान पसंद, मँगो मूड ही त्याच घरची भावंडं. २०२४मध्ये या गोळ्यांची नावं रिलायन्सने २७ कोटींना घेतली. सूचना साधी ठेवा : "गाव चघळता येतं (५)".

तर उत्तर छापून आलं त्या सकाळी मी आईला कात्री लावलेला जुना अंक दाखवून म्हटलं, "अगं, तुझं चुकलं. लिमलेट होतं ते."

तिने चष्मा वर केला. "दुकानात जा आणि म्हण, एक लिमलेट द्या. काय देतात बघू."

गेले. कोपऱ्यावरच्या दुकानातला पोरगा विशीतला असेल. दोनदा विचारलं. त्याने मागच्या कपाटाकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाला, "काकू, ते काय असतं?" मी बरणीकडे बोट दाखवलं, केशरी फोडींच्या.

"अच्छा, चॉकलेट होय!"

पाच घेतली. आईने एक तोंडात टाकली आणि त्या रविवारचं कोडं पुढे ओढलं.