‘पॉश’ हा शब्द बोटीच्या तिकिटावरून आलेला नाही

‘पॉश’ हा शब्द ‘पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम’ या शब्दांच्या आद्याक्षरांपासून बनला, असे सांगणारा मजकूर सध्या फिरत आहे. इंग्लंडहून मुंबईला येताना बोटीची डावी बाजू आणि परतताना उजवी बाजू उन्हापासून त्यातल्या त्यात बचावलेली असे, म्हणून श्रीमंत प्रवासी त्या बाजूच्या केबिन घेत आणि पी अँड ओ ही जहाज कंपनी त्यांच्या तिकिटांवर पी, ओ, एस, एच ही चार अक्षरे उमटवीत असे, असा त्याचा आशय आहे.

हा दावा टिकत नाही. तांबड्या समुद्रातला उकाडा खरा होता आणि सावलीच्या बाजूची केबिन कोणालाही हवीशीच वाटणार. परंतु असा शिक्का असलेले एकही तिकीट आजवर पुढे आलेले नाही. शिवाय उंची कपड्यांच्या संदर्भात हा शब्द १९१४ मध्ये छापलेला आढळतो, तर आद्याक्षरांची कथा १९३५ च्या सुमारास, म्हणजे शब्द रुळल्यानंतर वीसएक वर्षांनी, छापील स्वरूपात दिसू लागते.

त्याआधी, एकोणिसाव्या शतकातील लंडनच्या बोलीत ‘पॉश’ म्हणजे अर्धा पेनी, चिल्लर पैसा, आणि शतकाच्या अखेरीस छानछोकी करणारा माणूस. यांतील पहिला अर्थ रोमानी (युरोपातील जिप्सींच्या) भाषेतील ‘अर्धा’ या अर्थाच्या शब्दाशी जोडला जातो. आजचा अर्थ यांपैकी कशातून निघाला, याबद्दल कोशकार निश्चित विधान करीत नाहीत.

कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या भारतीय कायद्याला ‘पॉश’ म्हणतात, ते मात्र खरोखरच ‘प्रिव्हेन्शन ऑफ सेक्शुअल हॅरॅसमेंट’ या शब्दांच्या आद्याक्षरांवरून.