रन म्हणजे धावणे, वगैरे

सीएसएमटीला इंडिकेटरवर ठाणे स्लो लागली होती. तिच्यासाठी धावलो, भांडुपला उतरून रिक्षासाठी धावलो आणि घरी येऊन पंख्याखाली आडवा झालो. तोच कन्या वही घेऊन हजर.

"बाबा, 'रन'चे दहा अर्थ लिहून न्यायचेत."

"धावणे," मी म्हणालो. पाठीला चिकटलेला शर्ट पुराव्याला होताच.

"ते लिहिलं. बाकीचे नऊ?"

इंग्रजीत नाक 'रन' होतं. आपलं गळतं. दुकान ते लोक 'रन' करतात. आपलं नुसतं चालतं, तेही चाललं तर. नव्या कपड्याचा रंग त्यांच्याकडे धावतो. आपल्याकडे तो जातो, आणि जातो तो थेट माझ्या पांढऱ्या बनियनवर. नळाचं पाणी 'रन' होतं, हे मात्र पोरीला पटेना. तिचंही बरोबर आहे. आमच्या चाळीत पाणी पहाटे साडेपाचला येतं आणि सातला जातं, पाहुण्यासारखं. ते वाहताना दिसलं तर चार बिऱ्हाडं भांडायला येतील.

"अमेरिकेत निवडणुकीलाही 'रन' करतात," मी सांगितलं. "ब्रिटनमध्ये मात्र 'स्टँड', म्हणजे आपल्यासारखे उभे राहतात."

"आपल्याकडे बसतातही," आई पेपरातून डोकं न काढता म्हणाली. "कुणी बसवलं की."

सहा अर्थ झाले. मी मोबाइल काढला. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात या एका क्रियापदाचे ६४५ अर्थ! ते लावता लावता एका संपादकाचे नऊ महिने गेले.

"नऊ महिने? बाळंतपणच की ते!" आईने पेपर खाली ठेवला.

"एवढे का लागले?" कन्येने विचारलं आणि स्वतःच थबकली. "बाबा, 'लागणे'ला इंग्रजीत काय म्हणतात?"

"टेक. वेळ लागतो, इट टेक्स टाइम."

"मग भूक लागली?"

"ते वेगळं."

"ठेच लागली? निकाल लागला? दादाला नोकरी लागली? गाडी लागली?"

"कुठली गाडी? इंडिकेटरवरची की घाटात ओकायला लावणारी?"

"दोन्ही."

मी डोळे मिटून घेतले.

"जाऊ दे गं, डोळा लागला त्याचा," आई म्हणाली.

पेन्सिलीचा आवाज आला. पोरगी नवी यादी लिहायला लागली होती.