‘एक्स-४’मुळे युद्धाचा निकाल फिरला असता?

समाजमाध्यमांवर एक दावा सारखा फिरत असतो. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीने ‘एक्स-४’ नावाचं, आपणहून लक्ष्य शोधणारं क्षेपणास्त्र बनवलं, त्याने अमेरिकेची बॉम्बफेकी विमानं पाडली, आणि एक कारखाना बॉम्बहल्ल्यात गेला नसता तर युद्धाचा निकालच उलटला असता, असा तो दावा. यातलं कारखान्याचं तेवढं खरं आहे.

आपणहून लक्ष्य शोधणं या अस्त्राला जमतच नव्हतं. पंखांच्या टोकांना रिळं होती. क्षेपणास्त्र सुटलं की त्यांतून दोन बारीक तारा उलगडत जायच्या आणि वैमानिकाचे आदेश त्या तारांमधून पोचायचे. वैमानिकाने क्षेपणास्त्रावरच्या जळत्या ज्योतीवर नजर ठेवायची आणि कॉकपिटमधल्या छोट्या दांडीने ती ज्योत शत्रूच्या विमानावर नेऊन भिडवायची. रेडिओऐवजी तारा वापरायचं कारण साधं होतं: त्या जॅम करता येत नव्हत्या. ‘एक्स-४’ची रचना करणाऱ्या माक्स क्रामर या जर्मन अभियंत्यानेच बनवलेला ‘फ्रिट्झ-एक्स’ हा बॉम्ब रेडिओवर चालायचा, आणि त्याचे संदेश दोस्त राष्ट्रं जॅम करू लागली होती. स्फोटासाठी लावलेला ‘क्रानिश’ फ्यूज मात्र खरोखर हुशारीचा होता. आगगाडी शेजारून गेली की शिट्टीचा सूर बदलतो, तसा विमानाच्या आवाजातला बदल टिपून तो साधारण सात मीटरवर स्फोट घडवणार होता.

विमानं पाडल्याचं म्हणाल, तर ११ ऑगस्ट १९४४ ला फोके-वुल्फ १९० या लढाऊ विमानावरून याची पहिली चाचणी झाली, पण ते हवाई दलाच्या तुकड्यांपर्यंत कधी पोचलंच नाही. १९४५ मध्ये मेसरश्मिट २६२ जेट विमानांनी बॉम्बफेकी विमानं पाडली ती ‘आर४एम’ या दिशानियंत्रण नसलेल्या रॉकेटांनी. दाव्यातला गोंधळ बहुधा इथलाच.

आता कारखाना. इंजिनं बीएमडब्ल्यूच्या श्टारगार्डच्या कारखान्यात होत होती, आणि बॉम्बहल्ल्यात ती नष्ट झाली. समजा, हल्ला झालाच नसता. तरी एका आसनाच्या विमानात एकच माणूस. एका हाताने विमान उडवायचं, दुसऱ्याने क्षेपणास्त्र वळवायचं आणि नजर ज्योतीवरून ढळू द्यायची नाही. त्या वेळात झटकन वळायची सोय नाही, आणि बॉम्बफेकी विमानांच्या भोवती त्यांच्या रक्षणासाठी मस्टँग ही अमेरिकी लढाऊ विमानं घिरट्या घालत असायची! बॉम्बफेकी विमानांवरच्या बंदुकांच्या टप्प्याबाहेरून, दीड-दोन किलोमीटरवरून मारा करता येतो, हा या अस्त्राचा मोठा फायदा मानला जायचा. पाठीवर मस्टँग आल्यावर त्याचा काय उपयोग? शिवाय इंजिनात नायट्रिक आम्ल, म्हणजे विमानतळावर ते भरणाऱ्यांच्या जिवाला घोर. तेलाच्या कारखान्यांवर १९४४ पासून सतत हल्ले सुरू होते. विमानांना इंधन नव्हतं, आणि मुरलेले वैमानिक तर केव्हाच संपत आले होते.

अद्भुत अस्त्र थोडक्यात हुकलं, ही कथा मला म्हणूनच खटकते. नाझी राजवट केवळ नशिबाने हरली, असं ती सुचवते, आणि ते मुळातच खोटं आहे.

युद्धानंतर फ्रान्सने हीच रचना घेऊन ‘एए-१०’ बनवलं. तिथेही इंधन भरण्याचा धोका आडवा आला, आणि पुढच्या ‘एए-२०’मध्ये घन इंधन आणि रेडिओ आला. तार टिकली ती रणगाड्यांविरुद्ध, कारण तिथे लक्ष्य संथ असतं आणि नेम धरणारा जमिनीवर असतो. क्रामरच्याच ‘एक्स-७’वरून फ्रेंचांनी ‘एसएस-१०’ केलं, पुढे ‘एसएस-११’ आलं, आणि तेच तारेचं क्षेपणास्त्र हैदराबादच्या भारत डायनॅमिक्समध्येही परवान्याने तयार होऊ लागलं.