बाहेर पडण्याआधी काकांना फोन करा

ऑगस्ट २०२२ मध्ये व्हॉट्सॲपने जाहीर केलं की यापुढे ग्रुप सोडणाऱ्या माणसाची दवंडी पिटली जाणार नाही. तोवर कुणी बाहेर पडलं की सगळ्यांना दिसेल अशी एक ओळ उमटायची. आता ते फक्त ॲडमिनला कळणार होतं. हा निर्णय घेणाऱ्यांचा हेतू चांगला होता, पण त्यांच्यापैकी कुणी आपल्या भावकीच्या ग्रुपवर नसावं. असतं तर त्यांना माहीत असतं की आपल्याकडे ॲडमिन एक नसतो. थोरल्या काकांना केलं म्हणून धाकट्यांना करावं लागतं, काकांना केलं म्हणून आत्याच्या यजमानांना, आणि जावयांना वगळलं तर ते पुढच्या दिवाळीला तोंड वाकडं करून बसतील म्हणून जावयांनाही. ॲडमिनपद हे काम नसून मानपान आहे. त्यामुळे तुम्ही गुपचूप बाहेर पडलात की निम्म्या ग्रुपला ताबडतोब कळतं आणि उरलेल्या निम्म्याला ही मंडळी फोन करून कळवतात.

शिवाय ग्रुपच्या माहितीत अगदी तळाशी गेलेल्यांची यादी असते. गेल्या साठ दिवसांत कोण कोण बाहेर पडलं, ते तिथे कुणालाही पाहता येतं. आपल्याकडे सुतकसुद्धा दहा-बारा दिवसांत फिटतं.

तेव्हा गुपचूप निघून जाण्याचा विचार डोक्यातून काढा. सोडायचाच असेल तर रीतसर सोडा, आणि रीतीची सुरुवात मुहूर्तापासून होते.

गणपतीचे दिवस बाद. आरतीचे व्हिडिओ येत असताना बाहेर पडणारा नास्तिक ठरतो. पितृपंधरवड्यात कुणी नवं काही करत नाही आणि जुनं मोडतही नाही. नवरात्रात रोज एका रंगाच्या साड्यांचे फोटो येतात. पाचव्या दिवशी तुम्ही गेलात तर त्या दिवशी फोटो टाकणाऱ्या वहिनींनी काय समजायचं? दिवाळीचा तर प्रश्नच नाही. संक्रांतीला सगळे गोड बोला म्हणत असताना तुम्ही बोलणंच तोडणार, म्हणजे उघड युद्ध. मार्चमध्ये मुलांच्या परीक्षा, तेव्हा ग्रुप शांत असतो आणि शांततेत पावलं वाजतात. मे महिन्यात लग्नं. वाढदिवशी सोडू नये हे सांगायला नको, पण बिनवाढदिवसाचा दिवस आणायचा कुठून? ग्रुपची मर्यादा २०१६ मध्ये २५६ झाली, २०२२ मध्ये आधी ५१२ आणि मग १०२४. कंपनीने तो कमाल आकडा म्हणून सांगितला होता. आपल्या लोकांनी तो उद्दिष्ट म्हणून घेतला आणि पणजोबांच्या चुलतभावाचं वऱ्हाडात गेलेलं घराणं शोधून काढलं. त्यातल्या त्यात बरी वेळ म्हणजे भारत-पाकिस्तान सामन्याची शेवटची दोन षटकं. तेव्हा सगळे ॲडमिन ऑनलाइन असतात, पण वाचत कुणीच नसतं.

मुहूर्त मिळाला की निरोपाचा मजकूर. एक अक्षर न लिहिता निघून जाणं उद्धटपणाचं, आणि खरं कारण लिहिणं त्याहून उद्धटपणाचं. रोज पहाटे सव्वापाचला येणारा उगवता सूर्य आणि त्याखालचा सुविचार आता सहन होत नाही, असं कुठल्याही घरंदाज माणसाने लिहू नये. कारण खोटंच द्यावं, फक्त ते नीट पारखून घ्यावं. बाजारात चालणारी बहुतेक कारणं कच्ची आहेत.

‘मोबाईलची मेमरी फुल झाली आहे’ हे सर्वांत जुनं. ते दिल्याबरोबर इंजिनिअरिंगला असलेला कुणीतरी भाचा फोटो आपोआप डाउनलोड होणं कसं बंद करायचं ते टप्प्याटप्प्याने, स्क्रीनशॉट काढून समजावतो. सगळे त्याला शाबासकी देतात. आता मेमरी रिकामी आणि तुम्ही ग्रुपवर. ‘मुलाची दहावी आहे’ हे कारण भक्कम वाटतं, पण दहावीचा निकाल लागतो. त्या दिवशी टक्केवारी कळवायला तुम्हाला परत यावंच लागतं, आणि टक्के कमी पडले असतील तर यावं लागतं ते त्याहून लवकर, नाहीतर लोक स्वतःच आकडा ठरवतात. ‘डोळ्यांना त्रास होतो’ म्हणालात तर गाजराच्या रसापासून त्राटकापर्यंत उपाय येतील आणि ते वाचायला डोळे लागतील. ‘जरा ध्यानधारणेकडे वळतोय’ असं लिहिणाऱ्याला दहा मिनिटांत सत्संगाच्या ग्रुपमध्ये घेतलं जातं.

‘नंबर बदलतोय’ हे कारण अनुभवी लोकही देतात, म्हणून थोडं सविस्तर. ॲपमध्ये नंबर बदलण्याची सोय आहे आणि ती फार चोख काम करते. नंबर बदलला तरी तुमचे सगळे ग्रुप तुमच्याबरोबर येतात. वर प्रत्येक ग्रुपमध्ये, तुम्ही काहीही न करता, या सदस्याने नंबर बदलल्याची सूचना जाते. लोक नवा नंबर जपून ठेवतात आणि अभिनंदन करतात. नंबर बदलल्याचं अभिनंदन का करतात, हे विचारू नका. ग्रुपवर अभिनंदनाला कारण लागत नाही.

समजा, पक्कं कारण सापडलं. ‘सर्वांना सप्रेम नमस्कार, काही वैयक्तिक कारणांमुळे काही काळ ग्रुपपासून रजा घेत आहे, लोभ असावा’ असं लिहून तुम्ही टाकलं. यातल्या ‘वैयक्तिक’ या शब्दाने सगळं बिघडतं. कुणी काही बोललं का, असा पहिला प्रश्न येतो. मग गेल्या आठवड्यातले संदेश वर जाऊन तपासले जातात. बुधवारी मामींनी टाकलेला ‘काही माणसं फक्त कामापुरती आठवण काढतात’ हा सुविचार सापडतो. मामी म्हणतात, मी तो जनरल टाकला होता. ज्यांना तो आपल्याला उद्देशून वाटला होता आणि आठवडाभर जे गप्प होते, तेही आता बोलतात. रात्री साडेअकरापर्यंत चार घरांमधलं बोलणं थांबलेलं असतं, आणि या सगळ्यात तुम्ही अजून बाहेर पडलेलेच नसता, कारण मध्येच उठून गेलं तर बरं दिसत नाही.

आता लग्नाचे ग्रुप. ‘चि. सौ. कां.’ अशी सुरुवात असलेला ग्रुप काढताना हेतू साधा असतो: स्टेशनवरून आत्यांना कोण आणणार, कार्यालयातल्या खोल्यांच्या किल्ल्या कुणाकडे, हळद कधी, सीमांतपूजन किती वाजता. लग्न लागतं, पंगती उठतात, किल्ल्या परत जातात. ग्रुप राहतो. आधी फोटोंसाठी राहतो, मग व्हिडिओवाल्याने अजून व्हिडिओ दिला नाही म्हणून राहतो, मग अधिक महिन्यात जावयाला वाण द्यायचं आहे म्हणून राहतो, आणि पुढे कधीतरी कुणीतरी त्याचं नाव बदलून बारशाचं करतं. इथून बाहेर पडणाऱ्याला त्या लग्नाविषयी काहीतरी म्हणायचं आहे असं समजलं जातं. वरपक्षाचे असाल तर वधूपक्ष विचारतो, यांना मुलगी आवडली नाही का; वधूपक्षाचे असाल तर रुखवतात काय कमी पडलं याची चौकशी सुरू होते. मजा म्हणजे सदस्यांची यादी नीट पाहिलीत तर लक्षात येईल की नवरा-नवरी दोघंही त्यात नाहीत. ते सत्यनारायणाच्या आधीच निघून गेले, आणि त्यांच्या जाण्याची दखल कुणीही घेतली नाही. जावंसं वाटत असेल तर लग्न करणं हा एक मार्ग आहे.

सोसायटीच्या ग्रुपबद्दल सल्ला एकच: सोडू नका. प्रत्यक्ष सोसायटीच्या सभासदत्वाचा राजीनामा देण्याची पद्धत आदर्श उपविधींत लिहिलेली आहे. ग्रुपच्या राजीनाम्याची कुठेही नाही. तुम्ही बाहेर पडाल त्याच दिवशी टाकी धुण्यासाठी पाणी बंद ठेवल्याची सूचना तिथे येईल आणि तुम्ही अंगाला साबण लावून उभे असाल. फ्लॅट विकून दुसऱ्या गावी गेलेले लोकही हा ग्रुप सोडत नाहीत. बी विंगच्या लिफ्टचं शेवटी काय झालं, हे त्यांना जाणून घ्यायचं असतं.

दहावीच्या बॅचचा ग्रुप मात्र आपोआप सुटतो. निवडणुका येईपर्यंत थांबा.

काही सुज्ञ लोक म्हणतील, एवढा खटाटोप कशाला, आवाज बंद करून पडून राहावं. सोय आहे. आठ तास, एक आठवडा किंवा कायम. ‘कायम’ हा पर्याय २०२० च्या ऑक्टोबरात आला. त्याआधी जास्तीत जास्त एक वर्ष मिळायचं आणि वर्ष संपलं की एका सकाळी सगळे सूर्य एकदम उगवायचे. पुढच्या वर्षी अर्काइव्हचीही सोय सुधारली. आता तिथे टाकलेला ग्रुप नवा संदेश आला तरी वर येत नाही. पण हा मार्ग वाटतो तितका सभ्य नाही. निळ्या खुणा बंद केल्या तरी त्या ग्रुपवर बंद होत नाहीत. पाठवलेल्या संदेशावर बोट दाबून धरलं की कुणी वाचला आणि कुणाकडे नुसता पोचला, याच्या दोन याद्या मिळतात. निवृत्त काकांकडे वेळ असतो आणि त्यांना या याद्या काढता येतात. म्हणून पडून राहणाऱ्यानेही अधूनमधून हजेरी लावावी. महिन्यातून एकदा अंगठा, सणाला हात जोडलेले. मात्र हजेरी लावताना वरचं थोडं वाचावं. हार घातलेला फोटो दिसला म्हणून लगेच श्रद्धांजली वाहू नये. माणूस बँकेतून निवृत्त झालेला असू शकतो.

मग सभ्य मार्ग उरतो तो दुसऱ्याकडून काढलं जाण्याचा. यात दोष आपल्याकडे येत नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये, गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात, ॲडमिनचे अधिकार किती ते सांगून ठेवलं आहे: माणसं घेणं आणि माणसं काढणं, इतपतच. एखाद्या सदस्याने भलतंसलतं टाकलं आणि त्यात ॲडमिनचा संगनमताचा हेतू नसेल, तर केवळ ॲडमिन आहे म्हणून त्याला जबाबदार धरता येत नाही. निकाल योग्यच आहे. फक्त न्यायालयापुढे आपल्या भावकीचा कारभार मांडला गेला नसावा. त्या दोनांपैकी पहिलाच अधिकार आपल्याकडे वापरात आहे. दुसरा वापरणाऱ्या ॲडमिनला पुढच्या कार्यात पंगतीला कुणी वाढत नाही.

तरी विनंती करून पाहा. काकांना फोन करा, तोही जेवणाच्या वेळा टाळून, आणि म्हणा, ‘काका, मला जरा ग्रुपमधून काढता का?’ काका गप्प होतील. मग तुमच्या वडिलांना फोन लावतील. मग आपलंच काहीतरी चुकलं असं समजून, तुमची समजूत घालायला, तुम्हाला ॲडमिन करतील. तुम्ही नाही म्हणालात की काकांना ते लागेल. ‘मला तरी हे कुठे हवं होतं,’ म्हणत ते स्वतःचं ॲडमिनपद सोडतील आणि बाकीच्यांनाही सोडायला लावतील, कारण मोठ्यांनी सोडल्यावर धाकट्यांनी धरून बसणं शोभत नाही.

आता तुम्ही एकटे ॲडमिन आहात. तुमच्या जाण्याची सूचना ज्याला मिळेल असा दुसरा कुणीही नाही. अशी संधी क्वचित येते, सोडा ग्रुप. फक्त एक तांत्रिक बाब लक्षात असू द्या. एकमेव ॲडमिन बाहेर पडला की ॲप उरलेल्यांपैकी कुणाला तरी आपणहून ॲडमिन करतं. आपल्या नशिबाने ते काकाच असतील, असं धरून चाला. आपल्याला ग्रुपमध्ये कुणी घ्यावं हे ठरवण्याची सोय २०१९ पासून आहे, आणि त्यात नेमकं काकांचं नाव वगळताही येतं. पण तसं केलंत तर काकांना तुम्हाला थेट घेता येत नाही, त्यांच्याकडून तुम्हाला खासगी निमंत्रण येतं, ते तीन दिवस चालतं, आणि तीन दिवस काका वाट पाहतात. त्यातल्या दुसऱ्या दिवशी तुमच्या आईचा फोन येतो.

म्हणून ती सेटिंग तुम्ही बदललेली नसते. पहाटे सव्वापाचला सूर्य उगवतो, आणि त्याच्या बरोबर वर काकांची ओळ असते: ‘हात लागून चुकून बाहेर पडला होतास वाटतं. घेतलं परत.’ सहा वाजेपर्यंत तिला चौदा अंगठे आलेले असतात. पंधरावा तुम्ही द्यायचा.