पेशंटशी बोला, माझ्याशी नको

आज डोकं इतकं फिरलंय की घरी आल्या आल्या लिहायला बसलेय, चहासुद्धा नाही घेतला, त्यामुळे शुद्धलेखनाच्या चुका काढू नका कोणी. पुण्यातलं एक मोठं हॉस्पिटल, चकचकीत, खाली कॅफे बिफे. नाव लिहीत नाही, कारण हे दुसरीकडेही असंच चालतं. मावशीची एन्डोस्कोपी होती. ती रिक्षाने एकटी पुढे गेली होती, मी ऑफिसमधून पोचले तर तिथल्या मुलीने मावशीचा हात धरून अंगठा शाईच्या पॅडवर टेकवलेला. कन्सेंट फॉर्मवर अंगठा! मावशी शांतपणे सांगतेय, "अगं बाळा, मला सही येते, पेन दे फक्त आणि कुठे करायची तिथे माझं बोट ठेव." तर ती मुलगी माझ्याकडे बघून म्हणते, "मॅडम, यांना दिसत नाही ना, मग अंगठाच लागतो."

कोणी सांगितलं लागतो?

जे मावशीला ओळखतात त्यांना माहितीये, पण बाकीच्यांसाठी सांगते. तिला आरपी आहे, रेटिनाचा आजार, हळूहळू नजर जाते. चाळिशीत दिसणं जवळपास बंद झालं तरी नोकरी सोडली नाही, स्क्रीन रीडर (स्क्रीनवरचं बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर) शिकली आणि बँकेतून ऑफिसर म्हणून रिटायर झाली. लोकांच्या कर्जाच्या कागदांवर हिची सही चालत होती आणि स्वतःच्या पोटात नळी घालायच्या कागदावर चालत नाही? अंध ग्राहकाला चेकबुक द्या, लॉकर द्या, भेदभाव करू नका हे रिझर्व्ह बँकेने बँकांना 2008 सालीच सांगितलं. तिथे तर पैशाचा मामला असतो! आणि इथे स्वतःच्या शरीराबद्दलचा कागद, चार पानं बारीक अक्षरात, त्यातली एक ओळ कोणी वाचून दाखवली नाही. "रूटीन आहे हो, सगळेच देतात." जे तिला वाचून दाखवलंच नाही त्याला तिने संमती दिली असं कसं म्हणणार तुम्ही?

शेवटी मी पेन दिलं. मावशीने पर्समधून एटीएम कार्ड काढलं (हे ती नेहमी करते), मी सहीच्या ओळीवर तिचं बोट नेलं, तिने कार्डाची कड ओळीला लावली आणि त्या कडेवरून सरळ, बँकेतली ती लांबलचक सही केली. वेळ किती लागला? पॅड उघडून, अंगठा दाबून, वर कापसाने पुसून द्यायला लागतो त्याच्यापेक्षा कमी.

बरं हे झालं नंतर. त्याच्या आधी ती रात्रीपासून उपाशी, आणि टोकनच्या स्क्रीनसमोर बसलेली. स्क्रीनवर नंबर बदलतात, टिंग वाजतं, बास. नंबर कुठला ते बोलत नाही. टिंग कोणाचं हे तिला कसं कळणार? शेजारच्या बाईंना विचारून ठेवलं होतं तिने, त्या बाई आपला नंबर आल्यावर आत गेल्या, मावशीचा नंबर निघून गेला आणि मग काउंटरवर ऐकवलं, "आजी, लक्ष ठेवायचं ना, सोबत कोणी आणलं नाही का?" मुंबईची लोकल रोज लाखो माणसं कोंबून नेते तरी तीन तीन भाषांत सांगते पुढील स्टेशन दादर, आणि तुमचं एसी वेटिंग हॉल मुकं!

सोबत कोणी नाही का. या वाक्याचा मला मनापासून राग आहे. सोबत कोणी असलं तर काय होतं ते पण बघा. मी आत गेले तर डॉक्टर माझ्याशीच बोलायला लागले. यांना त्रास कधीपासून आहे, यांना रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का. मला काय माहीत! मावशीला तिची प्रत्येक गोळी मिलिग्रॅमसकट पाठ आहे आणि ती तिथेच, दोन फुटांवर बसलीये. मी अंदाजाने नाही म्हटलं असतं आणि खरं हो असतं तर? हा मानापमानाचा प्रश्न आहेच पण त्याच्याही आधी जिवाचा आहे.

गर्दी असते, स्टाफ कमी असतो, मान्य. त्या मुलीला पण वरून कोणीतरी तेच शिकवलं असणार. ठीक आहे.

पण मग तिथलेच एक वॉर्डमधले मामा, त्यांना कोणी शिकवलं होतं? प्रोसिजरला न्यायचं होतं तेव्हा ते आले, आधी स्वतःचं नाव सांगितलं, म्हणाले "मावशी, माझा कोपर धरा. पुढे उतार आहे, मग डावीकडे दार. आता बेड आलाय, हात लावून बघा, उंच आहे जरा." ओढलं नाही, ढकललं नाही, ओरडून बोलले नाहीत. (लोक अंध माणसाशी ओरडून का बोलतात?) व्हीलचेअर पण आणली नाही, तिचे पाय चांगले आहेत. मावशी नंतर गाडीत त्यांच्याबद्दलच बोलत होती, अंगठ्याबद्दल एक अक्षर नाही. मला मात्र त्या मामांना भेटून थँक्यू म्हणायचं राहिलं याची चुटपुट लागलीये.

आणि हे कोणाच्या चांगुलपणावर सोडलेलं नाहीये हो. 2016 चा दिव्यांग हक्क कायदा आहे, त्यात कलम 25 आहे, हॉस्पिटल सरकारी असो की खाजगी, सगळ्या भागात अडथळ्याविना जाता आलं पाहिजे आणि तपासणीत, उपचारात प्राधान्य मिळालं पाहिजे. प्राधान्य! इथे नंबर पण कळत नाही. राजीव रतुरी, स्वतः अंध, सुप्रीम कोर्टात वर्षानुवर्षं भांडले, तेव्हा कुठे नोव्हेंबर 2024 मध्ये कोर्टाने सांगितलं की सुगम्यतेचे, म्हणजे दिव्यांगांना सगळीकडे जाता-वापरता यावं यासाठीचे नियम नुसत्या सूचना म्हणून चालणार नाहीत, बंधनकारक करा. तरी आमच्या हॉस्पिटलच्या नव्या लिफ्टला गुळगुळीत टच पॅनल. बटणंच नाहीत तर ब्रेल कुठे असणार, आणि मजला कुठला आला तेही ती लिफ्ट सांगत नाही.

घरी आल्यावर पुढचं. मेडिकलवाल्याने पाच पाच गोळ्या कापून दिल्या, एका स्ट्रिपवरचं नाव आणि एक्सपायरी कात्रीतच गेलं. त्यामुळे मावशीचा फोनसुद्धा कॅमेऱ्याने काय वाचणार? मग तिची नेहमीची पद्धत, सकाळच्या गोळीला एक रबरबँड, रात्रीच्याला दोन. युरोपात औषधाच्या खोक्यावर नाव ब्रेलमध्ये छापावंच लागतं, तसा नियम आहे, म्हणजे इथून तिकडे जाणाऱ्या खोक्यांवर पण. आपल्याकडे ऑगस्ट 2023 पासून औषधांच्या 300 ब्रँडवर माहिती देणारा क्यूआर कोड आला, चांगलंच झालं, पण तो खोक्याच्या कुठल्या बाजूला आहे हे बोटाला लागत नाही. तिथे जरासा उंचवटा द्यायला काय जातंय?

आणि पुण्यातच आहोत आपण! पूना ब्लाइंड मेन्स असोसिएशनने इथे एच. व्ही. देसाई हे डोळ्यांचं हॉस्पिटल उभं केलं. अंधांची संस्था हजारो लोकांना दृष्टी देते त्या शहरात मावशीला फॉर्मवर सही करायला भांडावं लागतं.

असो. मावशी आता झोपलीये, घसा दुखतोय पण ठीक आहे. रिपोर्ट तिने ईमेलवर मागितलाय. फोटो काढून पाठवू नका, फोन वाचू शकेल अशी पीडीएफ द्या असं तिने स्वतः काउंटरवर सांगितलं, बघू काय येतं ते. हॉस्पिटलला तक्रारीचं पत्र पण तीच लिहिणार आहे, मी फक्त प्रिंट काढणार.

माझ्या लिस्टमध्ये हॉस्पिटल ॲडमिनमधले दोघंतिघं आहेत, त्यांना टॅग करत नाही, पण वाचताय हे माहितीये मला. उद्या एवढंच करा, तुमच्या टोकन सिस्टिमवाल्याला फोन लावून विचारा की यात नंबर बोलायचा आवाज आहे का. बऱ्याच सिस्टिममध्ये असतो, बंद करून ठेवलेला असतो. काय म्हणाला ते इथे खाली लिहा.