शॉर्टकट मोजताना भांडी पण मोजा

आमच्या मावशी लेकीच्या बाळंतपणासाठी दिंडोरीला गेल्या आणि पंधरा दिवस घरातली भांडी माझ्याकडे आली. बायकोचं म्हणणं, स्वयंपाक मी करते तर सिंक तुझं. रास्तच आहे, काय बोलणार. पण या पंधरा दिवसांत एक कळलं ते लिहितोच, की किचन हॅक म्हणून जे काही फिरत असतं ना त्यातलं निम्मं ओट्यावरचा वेळ वाचवतं आणि तोच वेळ व्याजासकट सिंकमध्ये आणून टाकतं.

आमचा दोरीचा चॉपरच घ्या. दोन कांदे दहा ओढीत बारीक, मान्य. पण मग डबा धुवा, पात्यांचा दांडा धुवा, बुडाशी अडकलेली कोथिंबीर टूथपिकने काढा आणि झाकण तर भिजवायचंच नसतं, हे मला आतली दोरी कुबट वास मारायला लागल्यावर कळलं. आई बघत होती, म्हणाली, "तुझं ते यंत्र धुऊन होईस्तोवर माझे पोहे खाऊनसुद्धा झाले असते." आता दोन-तीन कांद्यांना सुरीच. चॉपर निघतो फक्त रविवारी, मिसळीला किलोभर कांदा लागतो तेव्हा.

आणि मिसळीवरून आठवलं, मिक्सर. वाटणाचा क्रम बदला, आधी सुकं खोबरं नि कोरडे मसाले, मग त्याच भांड्यात भाजलेला कांदा-लसूण, मधे धुवायची गरजच नाही. वाटण काढलं की लगेच अर्धा ग्लास कोमट पाणी घालून फिरवा आणि ते पाणी सरळ रश्श्यात ओता, पात्याखालचा मसाला पण वाया जात नाही आणि तर्रीला रंगही येतो. मग साबणाचा एक थेंब, थोडं पाणी, परत गर्रकन. झालं. फक्त उकळतं पाणी घालू नका, वाफेने झाकण उडतं, आमच्या टाइल्सवर अजून डाग आहे.

बाकी जे खरंच उपयोगी पडलं ते बहुतेक आईचं जुनंच निघालं. दुधाचं पातेलं आधी पाण्याने विसळायचं, न पुसता दूध ओतायचं, बुडाला कमी धरतं. कुकरच्या तळातल्या पाण्यात लिंबाची पिळलेली साल, ॲल्युमिनियम आतून काळं पडत नाही. वरणाच्या डब्यात चमचाभर तेल, फेस कमी, शिट्टीतून पिवळा फवारा कमी. कणकेची परात पाणी न घालता आधी कोरड्या पिठाने चोळायची, चिकटलेलं सगळं गोळ्यातच जातं, नाहीतर ते पीठ सिंकच्या पाइपात जाऊन खळ होते आणि मग प्लंबर. डब्यावरचा हळदीचा पिवळा डाग घासत बसू नका, गच्चीत उन्हात ठेवा, हळदीचा रंग उन्हाने उडतो, आपल्याकडे उन्हाला काय तोटा.

एका हॅकवर मात्र माझा खरा राग आहे. खायचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतायचं, फसफसलं की लोक खूश. अरे, एक आम्ल एक अल्कली, दोघं एकमेकांना मारतात, तो फेस म्हणजे कार्बन डायऑक्साइड आणि खाली उरतं जवळजवळ खारट पाणी. वेगवेगळं वापरा की. करपलेल्या स्टीलच्या पातेल्यात पाणी नि दोन चमचे सोडा घालून दहा मिनिटं उकळा, खरपुडी उलथन्याने सुटते. ॲल्युमिनियमला मात्र सोडा नको, काळं पडतं. आणि आंबट लागतं ते तांब्या-पितळेला. भांडीबाजारातून आजीने घेतलेला तांब्या अजून चिंच-मिठानेच घासतो, दोन मिनिटांत लख्ख. टॉयलेटचं ॲसिड नि ब्लीच तर चुकूनही एकत्र करू नका, क्लोरीन वायू निघतो, ती गंमत नाही.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. कढईच्या कानांखाली तेलाचा तो तपकिरी चिकट थर जमतो ना, तिथे तारेची घासणी पोचत नाही नि नखांची वाट लागते. गरम पाणी, सोडा, लिंबू, सगळं करून झालं. मावशी सोमवारी येतायत, त्याच्या आत कुणाकडे काही असेल तर सांगा. रील पाठवू नका, स्वतः करून बघितलेलं सांगा.