दोन कान, एक कॅरेट

एक हिरा घेणं सोपं आहे. दुकानात जावं, डोळे दिपू द्यावेत, कार्ड पुढे करावं, घरी यावं. अंगठीतल्या हिऱ्याला कोणी विचारत नाही की तुझ्यासारखा दुसरा कुठाय. टॉप्सना मात्र दोन लागतात. जमिनीखाली दीडशे किलोमीटर खोल, शेकडो कोटी वर्षांपूर्वी हे खडे घडत होते, तेव्हा पुढे कधीतरी पुण्यात कोणाला दोन सारखे लागतील याचा विचार तिथे झालेला नाही. त्यामुळे तो लक्ष्मी रोडवर बसून आपल्याला करावा लागतो.

आमची फौज तिघांची. मी, कारण कान माझे. नवरा, कारण पंचविसाव्या लग्नाच्या वाढदिवसाला तो नको तिथे ‘हो’ म्हणून बसला होता. आणि सासूबाई, कारण त्यांच्या कानांत सात-सात हिऱ्यांच्या कुड्या आहेत. चौदा हिरे वागवणाऱ्या बाईला या विषयात मत असणारच.

काउंटरवरच्या मुलाने घडीच्या कागदाची पुडी उलगडली, चिमट्याने दोन खडे उचलून पांढऱ्या ट्रेमध्ये ठेवले आणि म्हणाला, “ताई, एक कॅरेटची पेअर.” कॅरेट म्हणजे 200 मिलिग्रॅम. पण जोडी एक कॅरेटची म्हणजे एका कानात अर्धाच, हा खुलासा झाल्यावर सासूबाईंनी चष्मा वर केला. “का हो, चष्म्याचा नंबर सांगताना दोन्ही डोळ्यांची बेरीज करतात का?”

मुलाने सगळ्यांसाठी पाणी मागवलं.

नवरा मेकॅनिकल इंजिनिअर आहे. त्याने खिशातून व्हर्निअर काढला. घरून आणला होता. दोन्ही खडे काट्यावर बरोबर पन्नास सेंट, म्हणजे अर्धा-अर्धा कॅरेट. पण एक 5.2 मिलिमीटर रुंद आणि दुसरा जेमतेम 5. एकाचं वजन अंगभर पसरलेलं, दुसऱ्याचं सगळं पोटात. कानात दिसते ती रुंदी. पोट कोंदणात बुडतं, पैसे मात्र त्याचेही मोजावे लागतात. म्हणजे टॉप्स घेताना वजनापेक्षा माप जुळवायचं, हे त्याचं म्हणणं खरंच होतं. फक्त ते त्याने कागदावर आकृती काढून सांगायची गरज नव्हती.

त्याच ओघात आणखी एक गंमत बाहेर आली. हिऱ्याचा भाव कॅरेटवर लागतो आणि पन्नास सेंट गाठले की तो टुणकन उडी मारतो. 48-49 सेंटचा हिरा डोळ्यांना तोच, पण खालच्या भावाचा. हे ऐकून नवऱ्याच्या चेहऱ्यावर जे तेज आलं, ते ट्रेमधल्या एकाही खड्याला नव्हतं. पन्नासच्या पुड्या मिटल्या, एकोणपन्नासच्या उघडल्या.

आता रंग. प्रतवारी ‘डी’पासून सुरू होते आणि ‘झेड’कडे जाता जाता पिवळी होत जाते. आमच्यापुढे आले ते शेजारी, एक ‘जी’ आणि एक ‘एच’. एका पायरीचा फरक दिसत नाही, असं मुलगा म्हणाला. “मला दिसतो,” सासूबाई म्हणाल्या. त्याने खडे टोक वर करून पांढऱ्या कागदावर उलटे ठेवले, आणि खरंच, एकाचं पाणी किंचित उबदार होतं.

“पण आजी, कानात हिरे उलटे कोण घालतं?”

“या दिव्यांखाली काचसुद्धा हिरा दिसेल. उजेडात चला.”

मग आम्ही सगळे दारात. ट्रे धरलेला मुलगा, त्याच्यामागे मॅनेजर आणि सर्वांत मागे बंदूकवाला वॉचमन. रस्त्यावरच्या दोन बायका थांबून बघू लागल्या आणि त्यांनी डावीकडच्याला पसंती दिली. आम्ही जोडी जुळवतोय हे त्यांना सांगायचं राहिलं.

पुढची जोडी रंगाने पास झाली, वजनाने झाली, व्हर्निअरनेही ‘ठीक’ म्हटलं. रिपोर्टवर दोन्ही एसआय वन, म्हणजे आतल्या डागांच्या हिशेबात एकाच प्रतीचे. भिंगातून बघते तर एकाचा ठिपका काळा, ऐन मध्यावर. दुसऱ्याचा पांढरा, कडेला लपलेला. मार्क दोघांना सारखे, पेपर वेगळा. वर मुलाने प्रामाणिकपणे अतिनील दिव्याची बॅटरी मारली, तर एक जागच्या जागी आणि दुसरा निळाशार! बऱ्याच हिऱ्यांत हा गुण असतो म्हणे, आणि एरवी तो कळतही नाही. पण हल्ली संगीताला जांभळे दिवे लावतात. भाचीच्या लग्नात माझा एकच कान पेटलेला मला दिसायला लागला.

माझं मत विचाराल तर, एकमेकांपासून वीतभर लांब असलेल्या, मधे अख्खा चेहरा असलेल्या दोन खड्यांतला 0.1 मिलिमीटरचा फरक जो ओळखेल, त्याला दुकानाने नोकरीला ठेवावं. मी हे मोठ्याने म्हटलं. कोणी ऐकलं नाही.

मुलगा बहुधा दमून सासूबाईंकडे वळला. “आजी, तुमच्या कुड्या बघू?” त्यांनी अभिमानाने काढून दिल्या. तो भिंग लावून बराच वेळ बघत राहिला.

“यात तीन-चार वेगळ्या पाण्याचे हिरे आहेत. आणि आजी, डाव्या कुडीतला हा खालचा... अमेरिकन डायमंड आहे.”

“माहीत आहे,” सासूबाई म्हणाल्या. “खरा 1983 साली पडला. तेव्हापासून फोटोत उजवा कान पुढे करते.”

“आई! मग तेव्हाच नवा का नाही बसवलास?”

“तुला त्याच वर्षी सायकल हवी होती.”

नवऱ्याने व्हर्निअर मिटून खिशात घातला. मला वाटलं, विरघळला. आता समोर येईल ती जोडी घेऊन निघू. पण इंजिनिअरचा मेंदू सायकलवर थांबत नाही. खडा पडू शकतो, हा मुद्दा त्याने नोंदवला होता.

“असं करा,” तो म्हणाला, “तीन सारखे दाखवा. एक स्पेअर.”

“तोवर त्याची चमकी करून घाल गं,” सासूबाईंनी सुचवलं.

“पाच मिलिमीटरची चमकी? नाकापेक्षा मोती जड म्हणतात तो हाच.”

“मोती नव्हे, हिरा आहे.”

मुलाने सगळ्या पुड्या पुन्हा बाहेर काढल्या आणि मागे वळून हाक मारली, “काका, शटर अर्धं ओढा. आणि घरी फोन करून सांगा, आज जेवायला थांबू नका.”